गोळा

बोट "का" म्हणून पुढे निघून गेलेलं,
पडदा अजून "क"वरच.
कर्सर लुकलुकायचं विसरलेला.
सव्वा सेकंद केवढा मोठा असतो
हे चौदा हजार ओळींच्या फाईलवर बसल्याशिवाय कळत नाही.

दोंडाईच्यात, मिरचीच्या वखारीवरच्या खोलीत
मी एडिटर लिहीत होते.
खिडकी लावलेली, नाहीतर कोडऐवजी नुसत्या शिंका.
फाईल खैरनार मॅडमची,
बावीस वर्षं वह्यांत साठवलेले अहिराणी शब्द.
चूक माझीच.
एकाच धाग्यावर सगळं टांगून ठेवलं होतं :
शब्द मोज, शुद्धलेखन तपास, रंग भर, जतन कर,
आणि वेळ उरलाच
तर बाईंच्या बोटाकडे बघ.

खाली ओट्यावर हिलालआप्पा.
सुरत लाईन एकेरी होती तेव्हाचे पॉइंट्समन.
"काय करी ऱ्हायनी व पोर?"
जमेल तसं सांगितलं.
त्यांनी विडी विझवली.
"मालगाडी मेन लाईनवर उभी करी दिधी का तू?
लूपमा टाक ना तिले."

टाकली.
मोजणारा धागा लूपमध्ये, तपासणारा लूपमध्ये,
जतन करणारा त्याच्याही मागे.
मेन लाईनवर फक्त बोटं.
अक्षर आता नखाखालीच उमटायचं.
मी त्या दिवशी दोन वेळा चहा प्यायले.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन :
"आंडेर"चा र गेला.
फाईलमध्ये नुसतं "आंडे".
शोधायला बसले तर चूक होईचना.
पाळत ठेवली की शहाणी,
पाठ वळली की एखादी वेलांटी गायब.
पहाटे दिसलं :
एक धागा ओळ लिहीत होता, दुसरा तीच जतन करत होता,
दोघांचे पाय एकाच चपलेत.

आप्पांनी मूठ वळून दाखवली.
पोलादी गोळा, पेरूएवढा,
वर दोन स्टेशनांची नावं कोरलेली.
कातडी पिशवीत घालून, वेताच्या कड्याला लावून
चालत्या इंजिनाला द्यायचा, दंडावर झेलायचा.
तो विखरणच्या यंत्रात पडेपर्यंत
इकडून दुसरा निघणार नाही,
साहेब आला तरी.
"गोळा नही, त गाडी नही."

मी गोळा घातला.
मग हाव सुटली, दोन घातले,
एक मजकुराचा, एक शब्दकोशाचा.
संध्याकाळी सहा-दहाला सगळं थांबलं.
पंखासुद्धा गरगरेना.
याच्या हातात मजकूर, वाट बघतोय कोशाची,
त्याच्या हातात कोश, वाट बघतोय मजकुराची.
कुणी भांडत नव्हतं.
नुसती सभ्यता, आणि तिच्यामुळे ठप्प.

आप्पा खोकेपर्यंत हसले.
शेवटी एका ओळीचा नियम :
आधी मजकुराचा, मगच कोशाचा,
घाई कितीही असो.

आता चालतं.
तपासणारा धागा मागून सावकाश येतो,
त्याला फक्त पुस्तकातली मराठी येते.
आंडेर, लाल. बठ्ठा, लाल. शे, लाल.
पानच्या पान लाल, खालच्या खळ्यासारखं.
मॅडम म्हणाल्या,
"याच्या मते मी बावीस वर्षं चुका वेचल्या."
म्हणून आणखी एक धागा सोडला, सगळ्यात खालच्या मानाचा.
कुणी टाइप करत नसलं की तो वह्या वाचतो
आणि रात्री चारपाच रेघा पुसतो.
अजून बराच उरलाय.

काल मॅडमनी आप्पांचा शब्द नोंदवला.
गोळा : एकेरी वाटेवर
एका वेळी एकाच्याच हाती असणारी परवानगी.

त्या पानावर तेवढ्याच शब्दाखाली
लाल रेघ आली नाही.
तपासणाऱ्याला वाटलं,
हा आपल्याला माहीत आहे.